चढणीवर दम तोडणारे मोटरहोम: डिझेल कोठे अडते आणि हवा कोठून शिरते

लांब चढणीवर पंधरा-वीस मिनिटे गेली की इंजिनाचा जोर हळूहळू उतरू लागतो, पेडल तळापर्यंत दाबूनही गाडी ओढत नाही आणि शेवटी दोन-तीन आचके देऊन इंजिन बंद पडते. अर्धा तास थांबल्यावर मात्र ते पहिल्या सेल्फला सुरू होते आणि काही घडलेच नव्हते अशा थाटात पुढे चालते. डिझेलवर चालणाऱ्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, मालकांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. माझ्या गाडीने दोन हंगामांत सात वेळा असे केले आणि त्यांपैकी पहिल्या चार वेळा मी चुकीच्या दिशेने खर्च करत होतो. दोष शेवटी सापडला तो इतर मालकांच्या प्रश्नांमुळे. कोणत्या प्रश्नाने कोणती शंका फिटली आणि कोणती चाचणी कशासाठी केली, हे त्याच क्रमाने मांडतो, कारण या बिघाडात सुटा भाग बदलण्यापेक्षा तपासणीचा क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो.

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मी डिझेल फिल्टर बदलला. डिझेल अडल्याचे लक्षण दिसत असेल तर फिल्टरपासून सुरुवात करणे चूक नाही. तो स्वस्त असतो आणि पुष्कळदा दोषी असतोही. त्यानंतरचे तीन प्रवास निर्विघ्न झाले आणि मी प्रश्न मिटल्याचे धरून चाललो. ते तीनही प्रवास सपाट रस्त्याचे होते, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. चौथ्या प्रवासात पहिलीच मोठी चढण लागली आणि नव्या फिल्टरसह गाडी तशीच उभी राहिली. दुरुस्ती यशस्वी झाली असे म्हणण्यापूर्वी ज्या परिस्थितीत बिघाड होत होता तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करायला हवी होती. मी ते केले नाही आणि त्यात एक अख्खा हंगाम वाया गेला.

यानंतर जवळजवळ प्रत्येकाने उष्णतेकडे बोट दाखवले. गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, म्हणजे तापल्यावर दगा देणारा विजेचा एखादा भाग, बहुधा क्रँकशाफ्टचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची गती टिपणारा) सेन्सर, असा हा तर्क आहे. तो पटण्यासारखा आहे, कारण हा सेन्सर खरोखरच असा वागू शकतो. मीही तो बदलून घेतला आणि फरक पडला नाही. पुढे मुक्कामाच्या ठिकाणी शेजारी उभ्या असलेल्या एका मालकाने मला विचारले, ‘इंजिन बंद पडते ते चावी फिरवल्यासारखे, की धाप लागल्यासारखे?’ सेन्सरचा संकेत तुटला तर इंजिन एका क्षणात गप्प होते. डिझेल कमी पडत असेल तर आधी जोर जातो, मग आचके येतात आणि त्यानंतर ते थांबते. माझे इंजिन धाप लागून बंद पडत होते, आणि हे मला ठाऊक असूनही मी कोणाला सांगितले नव्हते. त्याच मालकाने दुसरी सोपी खूणही सांगितली. बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा पाहावा किंवा बिघाडाचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर इंजिनाची गती पाहावी. तेथे मिनिटाला दीडशे ते अडीचशे फेऱ्या दिसत असतील तर सेन्सर जिवंत आहे; इंजिन फिरत असूनही आकडा शून्यावर राहत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी. ही खूण आधी कळली असती, तर सेन्सर बदलण्याची वेळच आली नसती.

उपकरणाने माझ्या गाडीत पी००८७ हा कोड दाखवला. इंधनाच्या रेलमधील, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील, दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, असा त्याचा अर्थ. टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा, दाब कमी पडला असता तर बहुधा पी०२९९ आला असता आणि टर्बोचा पाइप फाटला असता तर मागून काळा धूर व चढणीवर शिट्टीसारखा आवाज यांची जोड मिळाली असती. माझ्याकडे धूर नव्हता. कोड पाहताच एकाने रेलमध्ये डिझेल दाबून भरणारा उच्च दाबाचा पंप बदलण्याचा सल्ला दिला. तो पंप अतिशय महाग असतो आणि हा सल्ला मी मानला नाही, याचे मला आजही समाधान वाटते. रेलमध्ये दाब पडला एवढेच कोड सांगतो. पंप थकल्यामुळे तो पडला की पंपापर्यंत पुरेसे डिझेलच पोहोचले नाही, हे त्यावरून कळत नाही. पंपाच्या अलीकडची सगळी वाट, म्हणजे टाकी, तिचा हवेचा मार्ग, टाकीतील ओढनळी (डिझेल वर ओढून घेणारी नळी), पाइप, सांधे आणि फिल्टर, निर्दोष सिद्ध झाल्याशिवाय पंपाला हात लावू नये.

येथे मदत मागण्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. मोटरहोमचा सांगाडा, इंजिन आणि गिअर एका निर्मात्याचे, तर घराचा भाग दुसऱ्याचा असतो, आणि मागच्या मालकाने केलेले बदल हा तिसरा थर. म्हणून घराच्या भागावरच्या नावावरून अनुभवांची तुलना करण्यात अर्थ नसतो. सांगाड्याचा प्रकार, इंजिनाचा संकेतांक आणि सांगाडा तयार झाल्याचे वर्ष सांगावे लागते. हे वर्ष मोटरहोमच्या नोंदणीच्या वर्षाहून मागचे असू शकते, कारण सांगाडा आधी बनतो आणि त्यावर घर नंतर चढते. उदाहरणार्थ फियाट डुकाटो, प्यूजो बॉक्सर आणि सित्रोएन जंपर ही एकाच घडणीची भावंडे आहेत, त्यामुळे एकाच्या मालकाचा ब्रेक, दरवाजे किंवा काचेखालून गळणारे पाणी यांबाबतचा अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडतो. परंतु त्यांत बसवलेली इंजिने सगळीकडे सारखी नाहीत आणि डिझेलच्या पुरवठ्याबाबत तर ‘आमच्या गाडीत असेच होते’ हे वाक्य इंजिन जुळल्याशिवाय ग्राह्य धरू नये.

मी सुरुवातीला इतरांना माझे निष्कर्ष सांगत होतो: ‘पंप कमजोर झाला आहे, काय करावे?’ असा प्रश्न विचारला की लोक पंपाविषयीच बोलतात. तीन-चार जणांनी निष्कर्षाऐवजी नोंदी मागितल्या, तेव्हा मी वही काढली आणि सातही प्रसंग आठवतील तितक्या अचूकपणे लिहिले: टाकीत किती डिझेल होते, शेवटचे कधी भरले, किती वेळ चालल्यावर जोर गेला, चढ होता की सपाट रस्ता, बाहेर ऊन होते की थंडी, आदल्या दिवशी गाडी किती काळ उभी होती आणि सकाळी सुरू व्हायला किती वेळ लागला. सातपैकी दोन प्रसंग थंड, पावसाळी हवेतले होते. तेथेच उष्णतेचा तर्क निम्मा ढासळला. उरलेल्या नोंदी मात्र मला परस्परविरोधी वाटल्या. चार वेळा टाकी नुकतीच पूर्ण भरलेली होती आणि तीन वेळा ती पाव भागाच्या खाली होती. अर्ध्या टाकीवर गाडी एकदाही बंद पडली नव्हती.

ही वही एका ज्येष्ठ गृहस्थांनी शांतपणे वाचली. त्यांचे स्वतःचे मोटरहोम माझ्याच इंजिनाचे होते आणि त्याची बहुतेक कामे ते स्वतः करत. त्यांनी एवढेच म्हटले की भरलेल्या टाकीचा त्रास आणि रिकाम्या टाकीचा त्रास एका दोषातून येणे कठीण आहे, तेव्हा दोन दोष शोधा. माझ्या दृष्टीने या संपूर्ण शोधातला हा सर्वांत मोलाचा सल्ला होता.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टाकीतून जितके डिझेल बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते आणि त्यासाठी टाकीला किंवा तिच्या झाकणाला हवेचा मार्ग असतो. तो मार्ग चोंदला की टाकीत निर्वात वाढत जातो आणि पंपाला त्या निर्वाताविरुद्ध डिझेल ओढावे लागते. आता टाकी काठोकाठ भरलेली असून वर फक्त ५ लिटर मोकळी जागा आहे असे समजू. आणखी ५ लिटर डिझेल गेले आणि हवा मुळीच आत आली नाही, तर त्या जागेतील दाब जवळजवळ निम्म्यावर येईल. त्याच टाकीत ५० लिटर मोकळी जागा असेल, तर तेवढेच डिझेल गेल्याने दाब सुमारे अकराव्या हिश्श्यानेच घटतो. प्रत्यक्षात मार्ग पूर्ण बंद नसतो, थोडी हवा झिरपत राहते, म्हणून सपाट रस्त्यावर काम भागते. चढणीवर डिझेलचा खप वाढतो, झिरपणारी हवा अपुरी पडते आणि इंजिनाचा दम जातो. अर्ध्या तासाच्या विश्रांतीत तीच हवा सावकाश आत येऊन दाब सारखा होतो. ज्याला सगळे ‘इंजिन थंड झाले’ म्हणत होते ते बहुतांशी हे होते.

याची तपासणी सोपी आहे. गाडी बंद पडताच, इतर काहीही करण्यापूर्वी, टाकीचे झाकण उघडावे आणि कान देऊन ऐकावे. हवा आत ओढली जात असल्याचा दीर्घ सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर इंजिन अर्धा तास न थांबता लगेच सुरू झाले, तर हवेचा मार्ग चोंदला आहे असे खुशाल समजावे. झाकण उघडताना येणारा किंचित आवाज काही गाड्यांत सामान्य असतो, त्यामुळे लगेच सुरू होणे ही खूण अधिक विश्वासाची. माझ्या गाडीत दोन्ही गोष्टी घडल्या. हवेची बारीक नळी मागच्या चाकाच्या कमानीवर उघडत होती आणि तिच्या तोंडाशी चिखल व एखाद्या कीटकाचे मातीचे घर घट्ट बसले होते. मोटरहोम महिनोन्‌महिने एका जागी उभे राहते, त्यामुळे असे पाहुणे त्याला रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा जास्त मिळतात. वायर कुरतडणारे उंदीरही याच वर्गातले. ती नळी टाकीकडून सोडवून बाहेरच्या बाहेर साफ करावी. टाकीला जोडलेली असताना तीत जोराची हवा मारली तर कचरा आत जातो आणि प्लॅस्टिकच्या टाकीला इजाही होऊ शकते.

भरल्या टाकीचा त्रास तेथे संपला. पाव टाकीवरचा त्रास आणि पंधरा-वीस दिवस उभी राहिल्यानंतर सकाळी लांबत जाणारा सेल्फ मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या दोषाकडे जाण्यापूर्वी एक इशारा द्यायला हवा. जुन्या डिझेल इंजिनांत हवा काढण्यासाठी इंजेक्टरच्या पाइपचे नट सैल करण्याची पद्धत होती आणि काही अनुभवी मंडळी आजही ती सहज सुचवतात. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे वर सांगितलेल्या सामाईक रेलमधून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, हे कदापि करू नये. तेथील दाब १,६०० बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे तितक्याच पट) किंवा त्याहूनही अधिक असू शकतो आणि त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, तरी तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. अशी इजा झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. खाली लिहिलेल्या सर्व चाचण्या पंपाच्या अलीकडच्या, कमी दाबाच्या बाजूवरच्या आहेत, आणि त्याही इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यानंतर जोडायच्या आहेत.

आपल्या गाडीत टाकीमध्ये विजेचा पंप आहे की नाही, हे आधी पाहावे. तो असेल तर पाइपमध्ये दाब असतो आणि सांधा ढिला झाल्यास डिझेल बाहेर गळते, ओल दिसते, वास येतो. माझ्या इंजिनात तसा पंप नाही. इंजिनावरचाच पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. अशा रचनेत चालू इंजिनात ढिल्या सांध्यातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, म्हणून खाली वाकून कितीही पाहिले तरी सगळे कोरडे दिसते. टाकीतील पातळी जितकी खाली, तितके डिझेल वर ओढायला अधिक जोर लागतो आणि तितकी हवाही अधिक शिरते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की त्याच फटीतून हवा जाऊन पाइपमधील डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी इंजिनाला ते पुन्हा वर आणावे लागते. पाव टाकी आणि लांबलेला सेल्फ ही दोन्ही लक्षणे अशी एका जागी येऊन मिळतात.

हवा शिरते आहे की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडावा आणि उभ्या गाडीत इंजिन चालवावे. सुरुवातीचे काही बुडबुडे नळी जोडताना शिरलेल्या हवेचे असतात, ते निघून जातात. दहा मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालूच असेल तर हवा कोठून तरी येत आहे. माझ्याकडे मंद गतीवर अधूनमधून एखादाच बुडबुडा दिसत होता. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर धरल्यावर मात्र अखंड माळ दिसू लागली. तपासणी संपताच ती नळी काढून मूळ पाइप बसवावा, कारण उष्णतेने आणि कंपनाने अशी नळी दगा देते.

बुडबुडे दिसले, पण त्यांचे उगमस्थान सापडेना. टाकीपासून फिल्टरपर्यंत मला माहीत असलेले चारही सांधे मी नव्याने आवळले होते. तेव्हा एका मालकीणबाईंनी, ज्यांनी आपल्या मोटरहोममध्ये डिझेलवर चालणारा हीटर स्वतः बसवला होता, एक वेगळाच प्रश्न केला: ‘तुमचा हीटर डिझेल कोठून घेतो?’ हीटर मागच्या मालकाने बसवलेला होता. तो उत्तम चालत होता, म्हणून इंजिनाच्या तक्रारीत त्याचा उल्लेख करण्याचे मला कधी सुचलेच नाही आणि गॅरेजमधील मेकॅनिकलाही तो विषय घरातल्या सामानाचा वाटला असावा. गाडीखाली सरपटत जाऊन हीटरची नळी मागे मागे शोधत गेलो, तेव्हा ती टाकीत न जाता इंजिनाच्या मुख्य पाइपवर बसवलेल्या तीन तोंडी सांध्याला जोडलेली आढळली. सांधा आडव्या पट्टीच्या वर, धुळीत पूर्ण लपलेला होता.

संशय बळकट झाला तरी तो सिद्ध करायला हवा होता, कारण सेन्सरच्या वेळीही माझी खात्रीच होती. सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे वाट दुभागणे. फिल्टरकडे येणारा पाइप सोडवून तेथे डिझेलच्या वेगळ्या कॅनमधून नळी जोडावी, परत जाणाऱ्या डिझेलची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी आणि इंजिन चालवून पारदर्शक तुकडा पाहावा. कॅन जमिनीवरच, टाकीच्या तळापेक्षा खालीच ठेवावा. तो उंचावर ठेवला तर डिझेल स्वतःच्या वजनाने उतरते, ओढ राहत नाही आणि असलेला दोषही लपतो. ही चूक मी पहिल्या खेपेस केली. चाचणी फक्त डिझेलची, मोकळ्या जागेत, अग्निशामक हाताशी ठेवून आणि सोबत दुसरा माणूस असतानाच करावी. पेट्रोलच्या गाडीत असा प्रयोग मुळीच करू नये. कॅनवर बुडबुडे थांबले, म्हणजे फिल्टर आणि त्यापुढचा भाग निर्दोष ठरला. मग तीन तोंडी सांधा वगळून टाकी सरळ फिल्टरला जोडली, तरी बुडबुडे नव्हते. सांधा परत घातला आणि माळ परत आली. असा दोष घालवता आणि परत आणता येतो, तेव्हाच तो सापडला असे मी आता मानतो.

सांध्यात दोन उणिवा होत्या. पाइप कडक प्लॅस्टिकचा होता आणि त्यावर रबराचा तुकडा न घालता पितळी सांधा थेट दाबून बसवला होता. शिवाय स्क्रूने आवळायच्या रुंद पट्ट्यांच्या क्लिपा वापरल्या होत्या, ज्या बारीक पाइपवर सर्व बाजूंनी सारख्या दाबल्या जात नाहीत आणि एका ठिकाणी फट ठेवतात. दुरुस्ती करताना तो सांधा मी पूर्णपणे काढून टाकला. इंजिनाच्या पाइपचा तेवढा भाग अखंड नवा घातला, बारीक पाइपसाठी मिळणाऱ्या पूर्ण गोल क्लिपा वापरल्या आणि हीटरसाठी टाकीच्या वरच्या झाकणातून स्वतंत्र ओढनळी बसवली. तिचे टोक टाकीच्या तळापासून बरेच वर ठेवले आहे, जेणेकरून रात्रभर हीटर चालला तरी गाडी चालवण्यापुरते डिझेल उरेल. अनेक मोटरहोममधील जनरेटरची ओढनळी याच कारणासाठी आखूड असते आणि टाकी सुमारे पाव भागावर आली की जनरेटर आपोआप थांबतो. नवख्या मालकांना तोही बिघाड वाटतो.

आपल्या चाचण्यांचा निकाल वेगळा आला तर वाटही वेगळी असेल. कॅनवर चालवूनही बुडबुडे येत राहिले तर फिल्टरचे बूड, त्याचे रबरी सील आणि हाताने डिझेल भरण्याचा पंप पाहावा. बुडबुडे अजिबात नाहीत, झाकणाचा सुस्कारा नाही आणि तरीही चढणीवर जोर जातो, अशा वेळी फिल्टर कापून आतला कागद पाहावा. त्यावर काळसर चिकट थर असेल तर टाकीत पाणी साचून डिझेल व पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढले आहेत. टाकी उतरवून धुतल्याशिवाय कितीही फिल्टर बदलले तरी ते पुन्हा चोंदणार. दीर्घकाळ अर्ध्या रिकाम्या टाकीने उभ्या असलेल्या गाडीत हवेतील बाष्प टाकीच्या भिंतींवर जमून हे पाणी येऊ शकते. हे सर्व स्वच्छ निघाले, तर मग उच्च दाबाच्या पंपाची आणि इंजेक्टरमधून न वापरता परत जाणाऱ्या डिझेलच्या प्रमाणाची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी.

दुरुस्तीनंतर मी तीन कसोट्या ठरवल्या आणि त्या पूर्ण होईपर्यंत कोणालाही ‘झाले’ असे कळवले नाही. पूर्ण भरलेल्या टाकीने त्याच जातीची लांब चढण चढणे ही पहिली, पाव भागाखालच्या टाकीने तीच चढण पुन्हा चढणे ही दुसरी आणि गाडी सलग तीन आठवडे न हलवता सकाळी सेल्फ मारून सुरू होण्यास लागणारा वेळ मोजणे ही तिसरी. दोन्ही चढणींवर जोर टिकला आणि कोड आला नाही. पूर्वी दहा-बारा सेकंद चालणारा सेल्फ आता दोन सेकंदांत भागतो. हवेच्या नळीच्या तोंडावर जाळी बसवण्याचा विचार होता, परंतु बारीक जाळी चिखलाने आणखी लवकर बुजते असे त्या ज्येष्ठ गृहस्थांनी निदर्शनास आणले, म्हणून तोंड उघडेच ठेवून थोडे वर वळवले आहे आणि टायरची हवा पाहताना तेथेही एकदा बोट फिरवतो.